सेंट अँड्रूजच्या ओल्ड कोर्सवर पहिली फेरी : अर्जापासून अठराव्या ग्रीनपर्यंत

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ परगण्यात, सेंट अँड्रूज हे लहानसे विद्यापीठाचे गाव आहे. गावातली दगडी घरे जिथे संपतात, तिथल्या रस्त्याला लागूनच ओल्ड कोर्स या गोल्फ मैदानाचे शेवटचे ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, आहे. येथे किमान पंधराव्या शतकापासून गोल्फ खेळला जात असल्याचे मानतात. आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांच्या १५५२ च्या सनदेत या जमिनीवर ससे पाळण्याची सोय नमूद करतानाच, गावकऱ्यांचा तेथे गोल्फ खेळण्याचा हक्कही मान्य केलेला आहे. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस कर्जबाजारी नगरपालिकेने ही जमीन विकली, सशांच्या व्यापाऱ्यांनी तेथे इतके ससे सोडले की खेळणे अवघड झाले आणि गोल्फ खेळणाऱ्यांना वर्षानुवर्षे कोर्टकचेरी करावी लागली. १८२१ मध्ये जेम्स चीप या जमीनदाराने ती जमीन विकत घेतली, तेव्हा कुठे खेळ वाचला. आज ही जमीन सार्वजनिक आहे आणि १९७४ च्या कायद्याने स्थापन झालेला लिंक्स ट्रस्ट तिची व्यवस्था पाहतो. पहिल्या टीच्या (होलचा पहिला फटका मारण्याच्या जागेच्या) मागे दिसणारी भव्य इमारत रॉयल अँड एन्शंट क्लबची असली, तरी कोर्स त्या क्लबच्या मालकीचा नाही. भारतातून जाणाऱ्या खेळाडूने हे आधी समजून घ्यावे, कारण त्याला तेथे कोणाच्या ओळखीची वा शिफारशीची गरज नसते. अर्ज, हँडिकॅपचे (खेळातली पातळी दाखवणाऱ्या आकड्याचे) प्रमाणपत्र आणि थोडा धीर एवढे त्याच्याजवळ असले म्हणजे पुरते.

लिंक्स म्हणजे नेमके काय, हेही येथेच सांगतो. कोकणात पुळणीच्या मागे वाळूचे उंचवटे असतात, त्यांच्यावर मर्यादवेल पसरलेली असते आणि त्यांच्या पलीकडे शेतजमीन सुरू होते. समुद्र आणि शेती यांच्यामधला तसाच वाळूचा नापीक पट्टा म्हणजे लिंक्स. फरक असा की तिकडच्या थंड हवेत त्या वाळूवर फेस्क्यू जातीचे बारीक, ताठ गवत उगवते आणि पाणी वाळूतून झिरपून जात असल्यामुळे जमीन वर्षातला बराच काळ टणक राहते. आपल्याकडच्या बहुतेक कोर्सवर भरपूर पाणी घातलेली हरळी, दोन्ही बाजूंना झाडे आणि ग्रीनसमोर मऊ जमीन असते, त्यामुळे चेंडू उंच मारून ग्रीनवर थांबवणे हीच आपली सवय होते. ओल्ड कोर्सवर चेंडू जमिनीला टेकतो तेव्हा फटका निम्माच झालेला असतो. उरलेला निम्मा जमीन खेळते. या मार्गदर्शनातील जवळजवळ प्रत्येक सूचना या एका गोष्टीतून निघालेली आहे.

खेळण्याची वेळ मिळवणे

ओल्ड कोर्सवर वेळ मिळवण्याचे मुख्य मार्ग तीन आहेत. पहिला म्हणजे आगाऊ अर्ज. साधारणपणे ऑगस्टच्या अखेरीस ट्रस्ट पुढील वर्षासाठी अर्ज मागवतो. त्यासाठी आपल्या तारखा आणि सोबतचे खेळाडू आधी ठरलेले असावे लागतात. दुसरा मार्ग रोजच्या सोडतीचा आहे आणि माझ्या मते परदेशी प्रवाशासाठी तोच सर्वांत चांगला आहे. ज्या दिवशी खेळायचे त्याच्या दोन दिवस आधी दुपारपर्यंत दोन, तीन किंवा चार खेळाडूंची नावे ऑनलाइन नोंदवायची आणि त्याच दिवशी निकाल पाहायचा. रविवारी ओल्ड कोर्स खेळासाठी बंद असतो, त्यामुळे सोमवारच्या खेळाची सोडत शनिवारी निघते, हे लक्षात ठेवावे. तिसरा मार्ग एकट्याने आलेल्यांसाठी आहे. पूर्वी असे खेळाडू पहाटेच्या अंधारात, कित्येकदा आदल्या रात्रीपासून, रांगेत उभे राहत. २०२४ पासून त्यांच्यासाठीही सोडत सुरू झाली असून आदल्या दिवशी तेथे प्रत्यक्ष जाऊन नाव नोंदवावे लागते. निवड झाली तर दोघांच्या किंवा तिघांच्या गटातील रिकामी जागा मिळते.

याखेरीज काही हॉटेले आणि प्रवास कंपन्या निश्चित वेळेसह सहली विकतात. खर्च बराच वाढतो, पण ज्यांच्या हातात दोनच दिवस आहेत त्यांना दुसरा इलाज नाही. उन्हाळी हंगामात ओल्ड कोर्सचे शुल्कच ३०० पौंडांच्या वर आहे, आणि त्यात कॅडीचे (पिशवी वाहून सल्ला देणाऱ्या सोबत्याचे) मानधन धरलेले नसते.

मी सल्ला देईन तो असा : सोमवार ते शनिवार गावात राहण्याची तयारी ठेवावी, रोज सोडतीत नाव घालावे आणि त्या आठवड्यात शेजारच्या न्यू कोर्सची किंवा जुबिलीची एक फेरी आधीच निश्चित करून ठेवावी. न्यू कोर्स नावाने नवा असला तरी १८९५ सालचा आहे आणि जमीन तीच, वारा तोच. ओल्ड कोर्सच्या आधी लिंक्सची सवय व्हायला त्याहून योग्य जागा नाही. एप्रिल ते ऑक्टोबर हा हंगाम धरावा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारी उशिराची वेळ मिळाली तरी फेरी पूर्ण होते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तेथे व्यावसायिकांची मोठी स्पर्धा भरते आणि २०२७ च्या जुलैत ओपन ही गोल्फची मानाची स्पर्धा सेंट अँड्रूजला आहे, त्या काळात पाहुण्यांना खेळता येत नाही. हिवाळ्यात शुल्क बरेच कमी असते, परंतु नोव्हेंबर ते मार्च फेअरवेवर (टी आणि ग्रीन यांच्यामधल्या कापलेल्या पट्ट्यावर) चेंडूखाली छोटी चटई ठेवून खेळावे लागते; प्रथमच जाणाऱ्याने तो काळ टाळलेला बरा.

हँडिकॅपचे प्रमाणपत्र न विसरता न्यावे. भारतातही आता जागतिक हँडिकॅप पद्धत चालते, त्यामुळे आपल्या क्लबकडून मिळालेली नोंद तेथे ग्राह्य धरतात. ब्रिटनचा व्हिसा लवकर काढावा. एडिनबरोहून आगगाडीने सुमारे तासाभरात लूकर्स स्थानक येते आणि तेथून बसने दहा-पंधरा मिनिटांत सेंट अँड्रूज. गावातले स्वतःचे स्थानक १९६९ मध्ये बंद झाले, पण त्या जुन्या रेल्वेमार्गाची आठवण सोळाव्या आणि सतराव्या होलवर आपल्याला पुन्हा होईल.

निघण्यापूर्वीचा सराव

येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण तेथे पोचल्यावर शिकायला वेळ नसतो. महाराष्ट्रात खरा लिंक्स कोर्स नाही, परंतु एप्रिल-मेमध्ये आपल्या कोर्सच्या ज्या भागांना पाणी मिळत नाही तेथे जमीन कडक होते, गवत जळते आणि चेंडू घरंगळत जातो. एरवी आपण ज्या जागांबद्दल तक्रार करतो, त्याच जागा सरावासाठी निवडाव्यात.

पहिला सराव खालच्या फटक्याचा. समजा ध्वज १४० यार्डांवर आहे आणि एरवी आपण आठ नंबरचे आयर्न (लोखंडी तोंडाचा क्लब, म्हणजे काठी) घेतो. त्याऐवजी सहा नंबरचे घ्यावे, पकड इंचभर खाली धरावी, चेंडू उभ्या पवित्र्याच्या मध्यापासून थोडा मागच्या पायाकडे ठेवावा, वजन पुढच्या पायावर अधिक असू द्यावे आणि तीन-चतुर्थांशच स्विंग करून हात छातीच्या उंचीवर थांबवावेत. जोर वाढवला की चेंडूची उलटी फिरकी वाढते आणि समोरच्या वाऱ्यात तो उंच चढत जातो. म्हणून वाऱ्याविरुद्ध अधिक ताकद न लावता अधिक लांबीचा क्लब घ्यायचा आणि हात सैल ठेवायचा. हे वाचायला सोपे असले तरी अंगवळणी पडायला दोन महिने लागतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरा सराव ग्रीनबाहेरून पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून घरंगळवण्याचा क्लब, वापरण्याचा. ग्रीनपासून वीस-तीस यार्डांवर, गवत बारीक कापलेले असेल तर, वेजऐवजी (चेंडू उंच उडवणाऱ्या क्लबऐवजी) पटर काढावा. त्या कडक जमिनीत वेजची धार थोडीशी जरी चेंडूच्या आधी टेकली तरी ती उसळते आणि चेंडू ग्रीनच्या पलीकडे जातो. पटरचा फटका चुकला तरी फारसे नुकसान होत नाही. आपल्या ग्रीनच्या समोरच्या फेअरवेवरून, चढ-उतार ओलांडत, पटरने अंतर साधण्याचा रोज वीस मिनिटे सराव करावा. त्याच जोडीने ९० फुटांचे पट, म्हणजे ग्रीनवरचे पटरचे फटके, करावेत. आपल्याकडे एवढा लांब पट क्वचितच येतो, तेथे मात्र एका फेरीत तो चार-पाच वेळा येऊ शकतो.

तिसरा सराव बंकरचा, म्हणजे वाळूच्या खड्ड्याचा. ओल्ड कोर्सवरचे बंकर खोल आणि अरुंद असतात. त्यांच्या भिंती गवतासकट कापलेल्या मातीच्या चौकोनी ढेपा विटांसारख्या एकमेकींवर रचून बांधलेल्या असतात, त्यामुळे त्या जवळजवळ उभ्या राहतात. सराव बंकरमध्ये चेंडू भिंतीपासून दोन-तीन फुटांवर ठेवावा, क्लबचे तोंड पूर्ण उघडावे, चेंडूच्या दोन इंच मागे वाळूत मारावे आणि तो सरळ वर काढता येतो का ते पाहावे. दहापैकी सहा वेळाही जमत नसेल तर तेथे आडवा किंवा मागे चेंडू काढण्याचा निश्चय आताच करून ठेवावा.

सामान

ओल्ड कोर्सवर बग्गी नाही. चालत खेळायचे आणि हातगाडीसाठीही वेळेचे निर्बंध असल्यामुळे खांद्यावर घ्यायची हलकी पिशवी उत्तम. जलरोधक कोट आणि पँट, एकावर एक घालता येतील असे पातळ लोकरी कपडे, पावसात घट्ट बसणारे हातमोजे आणि डोक्याला टोपी एवढे तरी हवेच; जुलैतही दुपारचे तापमान १७-१८ अंशांपुढे जाईलच असे नाही. त्या किनाऱ्यावर समुद्रावरून अचानक दाट धुके येते, त्याला तिकडे हार म्हणतात, आणि सकाळी उन्हात सुरू केलेली फेरी अर्ध्या तासात गारठून जाते. आपल्या मुंबईकर शरीराला ही थंडी पावसापेक्षाही अधिक त्रास देते, हे ध्यानात ठेवावे.

कॅडी जरूर घ्यावा. इतर कोठे काटकसर करायची ती करावी, पण या कोर्सवर पहिल्या फेरीत कॅडीशिवाय खेळू नये. कारण येथे टीवरून जे दिसते ते पुरेसे नसते. फेअरवेची सीमा दाखवणारी झाडे नाहीत, कितीतरी बंकर उंचवट्यांमागे लपलेले आहेत आणि कॅडी ज्या दूरच्या चर्चच्या शिखरावर नेम धरायला सांगतो ते शिखर आपल्या डोळ्यांना निरर्थक वाटते. त्याचे ऐकावे. आपला सर्वांत लांब फटका किती जातो हे त्याला पहिल्याच होलवर खरेखुरे सांगावे. फुगवून सांगितले तर तो आपल्याला बरोबर बंकरमध्ये पाठवेल.

रविवारी कोर्स पायी पाहणे

रविवारी ओल्ड कोर्स गावाची बाग होतो. लोक कुत्री घेऊन फिरतात, मुले स्विल्कन ओढ्यावरच्या छोट्या दगडी पुलावर बसतात. शक्य असेल तर शनिवारी संध्याकाळी गावात पोचावे आणि रविवारची सकाळ अठराही होल चालण्यात घालवावी. या चालण्याला पैसे लागत नाहीत आणि त्यातून जे कळते ते कोणत्याही नकाशातून कळत नाही.

चालताना तीन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे कोर्सचा आकार. आंबे उतरवायच्या आकडीसारखा हा कोर्स आहे : गावापासून सरळ लांब जातो, ईडन नदीच्या मुखाजवळ वळसा घेतो आणि त्याच वाटेच्या शेजारून परत येतो. जाणारे आणि येणारे होल फेअरवे वाटून घेतात, एवढेच नव्हे तर ग्रीनही वाटून घेतात. अठरांपैकी पहिला, नववा, सतरावा आणि अठरावा यांनाच स्वतंत्र ग्रीन आहे. बाकी सात ग्रीन जोडीची आहेत आणि जोडीतल्या होलांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी १८ येते, म्हणजे दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, असे. जाताना पांढरे ध्वज आपले आणि परतीच्या वाटेवरचे लाल ध्वज दुसऱ्यांचे. अठरा हा आकडाही येथलाच. १७६४ मध्ये सुरुवातीचे चार होल एकत्र करून दोन केले गेले, त्यामुळे बावीस होलांची फेरी अठरांची झाली आणि पुढे जगभर तीच रूढ झाली.

दुसरी गोष्ट बंकर. ते ११२ आहेत. मोठ्या बंकरांच्या कडेला उभे राहून त्यांची खोली पाहावी; चौदाव्यावरच्या हेल बंकरची भिंत सुमारे तीन मीटर आहे. मग मागे वळून, गावाकडे पाठ करून आणि गावाकडे तोंड करून, अशा दोन्ही बाजूंनी कोर्स पाहावा. एकोणिसाव्या शतकात हा कोर्स पुष्कळदा आजच्या उलट दिशेने खेळला जाई. ग्रीनकीपर ओल्ड टॉम मॉरिस यांनी १८७० च्या सुमारास पहिल्या होलसाठी वेगळे ग्रीन केल्यानंतर आजची दिशा रुळली. बाराव्या होलवर टीवरून एकही बंकर दिसत नाही, पण ग्रीनवरून मागे पाहिले की फेअरवेच्या मधोमध ते सगळे उघडे पडतात, याचा उलगडा या इतिहासातून होतो.

तिसरी गोष्ट म्हणजे उजवी बाजू. सध्याच्या दिशेने खेळताना धोका प्रामुख्याने उजवीकडे असतो : जाताना गॉर्सची काटेरी झुडपे, परतताना भिंत, जुना रेल्वेमार्ग, हॉटेल आणि शेवटी गावचा रस्ता. डावीकडे शेजारच्या होलचा फेअरवे असतो. म्हणून शंका आली की डावीकडे मारावे, हा या कोर्सचा सर्वांत उपयोगी नियम आहे. त्याची किंमतही आहे, कारण डावीकडून ग्रीनवर जाणारा कोन बहुधा वाईट मिळतो आणि मध्ये एखादा बंकर येतो. उत्तम खेळाडू म्हणूनच उजवीकडचा धोका पत्करतात. पहिल्या फेरीत आपण तो पत्करू नये. दुसऱ्या होलच्या डावीकडचा चीप बंकर हा या नियमाला असलेला अपवाद.

फेरी

नियोजित वेळेच्या अर्धा तास आधी स्टार्टरजवळ, म्हणजे गटांना क्रमाने खेळायला सोडणाऱ्या माणसाजवळ, हजर व्हावे. फेरी चार तासांच्या आत संपावी अशी अपेक्षा असते, म्हणून आपली पाळी येण्याआधीच क्लब हातात असावा आणि हरवलेल्या चेंडूसाठी तीन मिनिटांपेक्षा अधिक शोध करू नये. नियमातही आता तेवढाच वेळ आहे.

पहिल्या टीवर उभे राहिल्यावर समोर पहिल्या आणि अठराव्या होलचा मिळून जगातल्या सर्वांत रुंद फेअरवेंपैकी एक दिसतो, त्यात एकही बंकर नाही, आणि तरीही मागे उभ्या असलेल्या लोकांमुळे हात कापतात. ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारणारा क्लब, काढू नये. हायब्रिडने डावीकडे, अठराव्याच्या फेअरवेच्या दिशेने, १७०-१८० यार्ड मारावे. दुसऱ्या फटक्यात ग्रीनला लागूनच स्विल्कन ओढा आहे, म्हणून ध्वज विसरून ग्रीनच्या मागच्या भागापर्यंत पोचेल एवढा क्लब घ्यावा.

दुसऱ्यापासून सातव्यापर्यंतचे होल दिसायला एकसारखे वाटतात. येथे कॅडी सांगेल त्या रेषेवर मारत राहावे. प्रत्येक ग्रीनजवळ एकच प्रश्न विचारावा : चेंडू कोठे टेकला तर उतार त्याला ध्वजाकडे नेईल? चौथ्या होलच्या ग्रीनसमोरचा उंचवटा याचे चांगले उदाहरण आहे. त्याच्यावरून उंच मारण्यापेक्षा त्याच्या बाजूने घरंगळत नेणे सोपे जाते. पाचव्या होलवर, जो या कोर्सवरच्या केवळ दोन पार-पाचपैकी (पाच फटक्यांत पुरे होणे अपेक्षित असलेल्या होलांपैकी) एक आहे, उजवीकडे सात बंकरांचा पुंजका आहे, तेव्हा पुन्हा डावीकडे. या होलचे ग्रीन तेराव्याशी जोडलेले आणि अवाढव्य आहे. ग्रीनवर चेंडू आला म्हणून समाधान मानू नये, चुकीच्या टोकाला आला तर तीन पट ठरलेले.

वाऱ्याबद्दल एक गोष्ट. कोकणातल्या लोकांना खारे आणि मतलई वारे सांगावे लागत नाहीत. तेथेही समुद्र आणि नदीमुख जवळ असल्यामुळे दिवसाच्या ओघात वारा फिरतो, आणि भरती-ओहोटीबरोबर त्याची दिशा बदलते असे जुने कॅडी सांगतात. जाताना वारा पाठीशी होता म्हणून परतताना तो समोरच असेल असे गृहीत धरू नये. प्रत्येक टीवर गवताच्या काड्या उडवून पाहाव्यात.

सातव्यापासून अकराव्यापर्यंत वळसा आहे. सातव्याची आणि अकराव्याची खेळण्याची रेषा एकमेकींना छेदते, म्हणून मारण्यापूर्वी दोन्हीकडे नीट पाहावे आणि चेंडू कोणाच्या दिशेने गेला तर लाज न बाळगता मोठ्याने ‘फोर’ असे ओरडावे. आठ ते बारा हे होल लांबीने कमी आहेत आणि गुण वाचवायचे ते येथेच. नवव्यावर आणि दहाव्यावर तर जमीन सपाट आहे. अपवाद अकराव्याचा. हा पार-तीन होल १७० यार्डांच्या आसपास आहे, ग्रीनचा उतार मागून पुढे तीव्र आहे, उजवीकडे पुढे स्ट्राथ बंकर आणि डावीकडे हिल बंकर. अमेरिकन खेळाडू बॉबी जोन्स १९२१ मध्ये याच होलवर बंकरात अडकले आणि त्यांनी ओपनची फेरी अर्धवट सोडली. सहा वर्षांनी याच कोर्सवर त्यांनी ओपन जिंकली आणि १९५८ मध्ये गावाने त्यांना मानाचे नागरिकत्व दिले. आपण ग्रीनच्या समोर थोडे अलीकडेच थांबावे आणि पटरने वर न्यावे. ग्रीनपलीकडे गेल्यास खाली येणारा पट थांबवणे फार कठीण जाते.

चौदावा होल लांब आहे आणि येथेच मोठी संख्या होते. टीवरून उजवीकडे हद्दीची भिंत, डावीकडे बिअर्डीज नावाचे बंकर, मध्ये एलिशियन फील्ड्स हा सपाट तुकडा. दुसऱ्या फटक्यात हेल बंकर ओलांडण्याचा मोह होतो. तो टाळून डावीकडे पाचव्याच्या फेअरवेवर चेंडू ठेवावा. जॅक निकलॉस यांच्यासारख्या, याच कोर्सवर दोन ओपन जिंकलेल्या खेळाडूला १९९५ मध्ये हेलमधून बाहेर यायला चार फटके लागले आणि त्या होलवर त्यांचे दहा झाले. उलट २००० मध्ये टायगर वुड्स यांनी चारही फेऱ्यांत एकाही बंकरमध्ये चेंडू जाऊ दिला नाही आणि स्पर्धा जिंकली. बंकर टाळणे हाच येथला खेळ आहे, आणि त्यात आपल्यासारख्या सामान्य खेळाडूलाही भाग घेता येतो. फक्त आपला फटका किती चुकू शकतो याचा अंदाज प्रामाणिक हवा.

तरीही चेंडू बंकरमध्ये गेलाच, तर आधी मागे कसा काढता येईल ते पाहावे. दोन प्रयत्न वाया गेले तर चेंडू खेळण्याजोगा नाही असे जाहीर करून, दोन फटक्यांचा दंड घेऊन, ध्वजाच्या सरळ रेषेत बंकरच्या मागे बाहेर ठेवता येतो. हा पर्याय २०१९ पासून नियमांत आहे. बाहेर आल्यावर वाळू नीट सपाट करावी.

सोळाव्यावर फेअरवेच्या मध्यात प्रिन्सिपल्स नोज हे बंकर आहेत आणि त्यांच्या उजवीकडे जुन्या रेल्वेमार्गाची हद्द. मधल्या अरुंद वाटेने जाऊ नये, डावीकडे मारावे.

सतरावा, म्हणजे रोड होल. टीवरून चेंडू जुन्या रेल्वेशेडच्या आकाराच्या इमारतीवरून, हॉटेलच्या अंगणाच्या कोपऱ्यावरून मारायचा असतो. कॅडी शेडवरच्या पाटीतले एखादे अक्षर नेमासाठी सांगेल. आपला फटका उजवीकडे वळत असेल तर शेडच्या पूर्ण डावीकडून जावे. पार चार आहे, पण आपण तो मनाशी पाच धरावा. दुसरा फटका ग्रीनच्या समोर उजवीकडे, अलीकडेच थांबवावा, तेथून पटरने किंवा छोट्या घरंगळत्या फटक्याने ग्रीनच्या लांबीवरून वर जावे. डावीकडे ग्रीनच्या पोटात शिरलेला रोड बंकर आहे आणि त्याच्या आसपासची जमीन चेंडू आत ओढते : १९७८ च्या ओपनमध्ये जपानच्या त्सुनेयुकी नाकाजिमा यांचा चेंडू ग्रीनवर आला होता, पट करताना तो या बंकरमध्ये गेला आणि होल नऊ फटक्यांत संपला. ग्रीनमागे डांबरी रस्ता आणि दगडी भिंत आहे. दोन्ही कोर्सचाच भाग असल्यामुळे तेथून विनादंड सुटका मिळत नाही, चेंडू जसा असेल तसा खेळावा लागतो.

अठराव्या टीवरून क्लबहाउसवरच्या घड्याळाच्या दिशेने मारावे. फेअरवे ओलांडणारा ग्रॅनी क्लार्क्स वाइंड हा सार्वजनिक रस्ता आहे, तेथे माणसे असतील तर ती जाईपर्यंत थांबावे. स्विल्कन पुलावर छायाचित्र जरूर काढावे, मात्र एकच, कारण मागे दुसरा गट उभा असतो. ग्रीनच्या पुढे डावीकडे व्हॅली ऑफ सिन नावाची खोलगट जागा आहे. चेंडू तेथे थांबला तर पटरच घ्यावा आणि वाटते त्याहून बराच जोरात मारावा. १९९५ च्या ओपनमध्ये इटलीच्या कोस्टांटिनो रोक्का यांनी तेथूनच सुमारे ६० फुटांचा पट घालून जॉन डॅली यांच्याशी बरोबरी साधली होती, जरी पुढच्या चार होलांच्या लढतीत ते हरले.

सोडतीत आठवडाभर नाव आले नाही, असेही होते. तेव्हा न्यू, जुबिली किंवा ईडनवर खेळावे आणि संध्याकाळी ओल्ड कोर्सला लागूनच असलेल्या हिमालयाज या पटिंगच्या मैदानावर जावे. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या महिलांच्या पटिंग क्लबचे हे मैदान ओल्ड टॉम मॉरिस यांनी आखले. त्याचे चढ-उतार इतके आहेत की नाव सार्थ वाटते, आणि पाहुण्यांना थोड्या पैशांत तेथे खेळता येते.

फेरी झाली असो वा नसो, अठराव्या ग्रीनपासून गावातून पूर्वेकडे वीस मिनिटे चालत जाऊन पडझड झालेल्या कॅथेड्रलच्या आवारातली मॉरिस पितापुत्रांची थडगी पाहावीत. सलग चार ओपन जिंकणारा धाकटा टॉम चोविसाव्या वर्षी गेला. थोरले टॉम १९०३ पर्यंत या कोर्सची निगा राखत होते आणि १९०८ मध्ये वारले. पहिल्या आणि अठराव्या ग्रीनची आखणी त्यांचीच, म्हणजे त्या दिवशीचा आपला पहिला आणि शेवटचा पट त्यांच्याच हातच्या जमिनीवर झालेला असतो.